सत्तावीस नंबरचा बिल्ला

शाळेची ती जुनी बस भंगारात निघाली तेव्हा लाइनमनने ती घेतली, घरासमोर उभी केली आणि पुढचं वर्षभर तिच्या पोटात शिरून तो ठाकठोक करत राहिला. बाकडी निघाली, पलंग आला, छोटा ओटा आला, खिडक्यांना जाळ्या आल्या. छपरावर चार सौर पॅनेल चढले. पलंगाखाली दोन मोठ्या बॅटऱ्या आणि त्यांच्याशेजारी इन्व्हर्टर बसला. शेजारचे लोक येता-जाता डोकावायचे आणि नोकरी संपली तरी याच्या हाताची खाज काही जात नाही, असं म्हणून पुढे व्हायचे. बसचं नाव पडलं डबा.

हा सगळा खटाटोप बाईंसाठी होता. बाई म्हणजे त्याची बायको. तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता, आणि सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी नवऱ्याच्या रजेच्या अर्जातल्या चुका लाल शाईने काढल्या, तेव्हापासून नवराही त्यांना बाईच म्हणू लागला आणि अहोजाहो करू लागला. थट्टेत सुरू झालेलं ते अंगवळणी पडलं.

दोन वर्षांपूर्वी बाईंच्या फुप्फुसांनी असहकार पुकारला. तेव्हापासून पलंगाजवळ एक मशीन आलं. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून ते नळीतून नाकात सोडायचं आणि दिवसरात्र घुं घुं करत राहायचं. नळी सात मीटरची होती. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत ती पुरायची, खिडकीपर्यंत पुरायची, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी संपायची. नळी काढली की दहाएक मिनिटं बाई तग धरायच्या, मग नखं निळी पडू लागायची. एवढं जग फळ्यावर काढून दाखवणाऱ्या बाईंचं जग सात मीटरचं झालं होतं. एकदा त्या सहज म्हणाल्या, की पठारावरचं तळं कसं तयार होतं ते मी तीस वर्षं खडूने काढून दाखवलं, प्रत्यक्षात एकही पाहिलं नाही.  दुसऱ्या दिवशी लाइनमन भंगारवाल्याकडे गेला.

डब्याचं गणित त्याने कागदावर दहा वेळा मांडलं होतं. मशीनला दिवसाला सात युनिट, दिवे, पंखा, फ्रिजला मिळून एक. बॅटऱ्यांत सोळा युनिट मावतात, म्हणजे दोन दिवसांची बेगमी. ऊन कडक असेल तर पॅनेलमधून दिवसाला नऊ युनिट यायचे. ऊन नसेल तर इंजिन चालू ठेवायचं, त्यावरही बॅटऱ्या भरतात. जनरेटर घेतला नाही, कारण इंजिनाचा धूर मागे निघून जातो, जनरेटरचा खिडकीतून आत आला असता आणि बाईंना धूर चालायचा नाही. अगदीच पाणी गळ्याशी आलं तर ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर होता, चार तासांचा. मुलगी फोनवर कुरकुरली, पण बापाने आकडे वाचून दाखवल्यावर तिने शस्त्रं खाली ठेवली. आकड्यांच्या बाबतीत बाप चुकत नाही हे तिला माहीत होतं.

पठारावर ते दुपारी पोचले. फाटकाशी राखणदार होता. त्याने बसवरून आणि नळी लावलेल्या बाईंवरून नजर फिरवली आणि इथं पाणी आहे पण वीज नाही, आधीच सांगतो, असं म्हणाला.

"आमची आम्ही आणली आहे," लाइनमन ऐटीत म्हणाला.

मुक्कामाची जागा तळ्याच्या काठाशी, मोकळ्या माळावर होती. माळावर ओळीने चौथरे होते. प्रत्येक चौथऱ्याला तीन पायऱ्या, आणि पायऱ्या चढून गेलं की वर काहीच नाही, नुसतं गवत. राखणदाराने सांगितलं, की पूर्वी इथे लाइनवर काम करणाऱ्यांची वसाहत होती. तळ्यापलीकडून विजेची मोठी वाहिनी जायची. ती बंद झाली तेव्हा एका आठवड्यात घरं पाडली आणि बायकापोरांना ट्रकांतून हलवलं. काही गडी तेव्हा लाइनवरच होते म्हणतात, एवढं सांगून तो पाण्याचा नळ दाखवायला पुढे गेला.

बाई खिडकीत बसून तळ्याकडे पाहत होत्या. पाणी राखाडी होतं, कडेला लव्हाळे होते, मध्ये एक काळा खडक होता. फळ्यावर मी हे फार गोल काढायचे, असं म्हणून त्या हसल्या. लाइनमनला वर्षभराची मेहनत तिथल्या तिथे फिटल्यासारखी वाटली.

खराब रस्त्याने एका पॅनेलची वायर सैल झाली होती. शिडी लावण्याआधी त्याने इकडेतिकडे पाहिलं, तर माळाच्या टोकाला एक खोली दिसली. खोली कसली, तीन भिंती. त्यातल्या मधल्या भिंतीवर लाकडी फळा अजून टिकून होता आणि फळ्यावर खुंट्यांची रांग होती. खुंट्या रिकाम्या होत्या. पण तो फळा काय आहे हे लाइनमनला सांगावं लागणार नव्हतं. असाच एक फळा छत्तीस वर्षं रोज त्याच्यासमोर होता.

कामावर चढताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला फळ्यावर अडकवायचा. उतरला की ज्याचा त्याने काढायचा, दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. आणि फळ्यावर एक जरी बिल्ला लटकत असला, तरी बाकीच्यांनी घरी जायचं नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता, पण तो मोडलेला त्याने कधी पाहिला नाही. ऐन पंचविशीत तो एका वादळात मनोऱ्यावर अडकला होता. बारा तासांनी खाली उतरला तेव्हा सहा माणसं मुसळधार पावसात तशीच उभी होती. त्यांतल्या एकाला त्या दिवशी मुलगी झाली होती. तोही गेला नव्हता. त्या सहा जणांचे उपकार कसे फेडायचे हे लाइनमनला आजवर कळलं नव्हतं, आणि फेडण्यासाठी आता त्यांतलं कुणी उरलंही नव्हतं.

त्याचा सत्तावीस नंबरचा बिल्ला अजून खिशात असायचा. शर्टाच्या वरच्या खिशात टेस्टर आणि पँटच्या खिशात बिल्ला. टेस्टर लावल्याशिवाय तो कशालाच हात लावत नसे, मग ते नवं कोरं लोखंडी कपाट का असेना. लग्नातही आधी टेस्टर लावून बघितला असता तुम्ही, मग माझा हात धरला असता, असं बाई चारचौघांत म्हणायच्या.

तो तीन भिंतींच्या खोलीत गेला, आपल्याशीच हसला आणि सवयीने बिल्ला एका खुंटीवर अडकवला. बाईंनी खिडकीतून हे पाहिलं आणि हजेरी लागली का, म्हणून विचारलं. लागली, म्हणत तो छपरावर चढला.

वायर आवळून झाली आणि तेवढ्यात बाईंना खोकल्याची उबळ आली. तो शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली आला. त्यांना बसतं केलं, पाणी दिलं, पाठ चोळली. उबळ थांबली तेव्हा खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हतं. तळ्यावरून धुकं आलं होतं आणि माळ, चौथरे, खोली सगळं त्यात गेलं होतं. छत्तीस वर्षांत बिल्ला काढायला तो एकदाही विसरला नव्हता. त्या दिवशी विसरला.

दुसऱ्या दिवशी धुकं उठलंच नाही. पॅनेलवर पाण्याचे थेंब साचून राहिले आणि त्यांतून येणारी वीज चहाचा कप गरम करण्याच्याही लायकीची नव्हती. आल्या दिवशी संध्याकाळी अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर असलेल्या बॅटऱ्या या संध्याकाळी चाळिसावर आल्या. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, इंजिन होतं. लाइनमनने चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. त्याने तासभर हात काळे केले आणि डिझेलचा पंप गेलाय एवढं त्याला कळलं.

फोनला रेंज फक्त राखणदाराच्या झोपडीशी होती, तिथून त्याने खालच्या गावातल्या मेकॅनिकला गाठलं. मेकॅनिक भला माणूस होता, पण खालच्या ओढ्याला पाणी आलं होतं. पाणी उतरलं तर परवा दुपारी येतो, ट्रॅक्टरवर बसून येतो, त्याआधी देवसुद्धा येऊ शकत नाही, असं तो म्हणाला. दवाखान्याची गाडीही त्याच ओढ्यापलीकडे होती.

परत येताना लाइनमनने मनात गणित केलं. चाळीस टक्के म्हणजे सहा युनिटच्या वर थोडं. बाकी सगळं बंद ठेवलं तर मशीन उद्या दुपारपर्यंत चालेल. सिलिंडरचे चार तास धरले तर उद्या संध्याकाळपर्यंत. मेकॅनिक परवा दुपारी. मधले अठरा-वीस तास कुठल्याच बाजूने भरून निघत नव्हते. 

त्याने फ्रिज बंद केला, दिवे बंद केले, पंखा बंद केला. बाईंनी कारण विचारलं नाही. तीस वर्षं मुलांचे चेहरे वाचलेल्या बाईंना नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता. त्यांनी फक्त त्याचा हात धरून ठेवला, आणि मशीन घुं घुं करत राहिलं.

सकाळी त्याने धीर करून मीटर पाहिला. आकडा सोळाच्या आसपास असायला हवा होता. तो एक्केचाळीस होता.

मीटर बिघडला, हा पहिला विचार. त्याने दुसरा मीटर काढला, वायरीला चिमट्यासारखा धरायचा तो. मशीनकडे जेवढी वीज जायला हवी तेवढी जात होती, आणि तेवढीच, किंचित जास्तच, आत येत होती. पॅनेलमधून येत असेल म्हणून त्याने पॅनेलचा फ्यूज काढून हातात घेतला. आकडा हलला नाही. मग त्याची नजर इन्व्हर्टरवर गेली. तिथे तीन छोटे दिवे होते, त्यांतला शेवटचा हिरवा. बाहेरची वीज जोडलेली असली तरच तो लागायचा. घरासमोर बस उभी असताना तो कायम लागलेला असे. इथे तो लागायचं काही कारण नव्हतं.

तो लागलेला होता.

लाइनमन खाली उतरला आणि बसच्या कुशीला गेला. बाहेरची केबल जोडायचं तोंड तिथे होतं, वर झाकण. त्याने झाकण उचललं. आत तीन पितळी पिना, आणि त्यांत काही जोडलेलं नाही. इन्व्हर्टरचीच वीज उलटी इथवर येत असेल, असंही होऊ शकतं. आत जाऊन त्याने बाईंना सिलिंडर लावला, इन्व्हर्टर बंद केला, परत आला आणि टेस्टर पिनेला टेकवला.

टेस्टर लागला. पिवळसर, स्थिर.

हात मागे घेताना त्याच्या नाकात एक वास आला. ओल्या ताडपत्रीचा आणि रबरी हातमोज्यांचा. छत्तीस वर्षं हा वास त्याच्या जेवणाच्या पिशवीलासुद्धा यायचा. त्याने आत जाऊन सगळं पूर्ववत केलं, मशीन सुरू केलं आणि बाईंच्या नखांकडे पाहिलं. नखं गुलाबी होती. त्याला भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त त्याला बरं वाटलं. कुठून का येईना, वीज येत होती.

"बाहेर कुणी आहे का हो?" बाईंनी विचारलं.

"का?"

"पहाटेपासून वाटतंय, कुणीतरी उभं आहे. भीती नाही वाटत. शाळा सुटायच्या आधी पालक कसे फाटकाशी उभे असतात, तसं वाटतं."

तो पुन्हा बाहेर गेला. या वेळी त्याने खाली पाहिलं. धुक्याने सगळा माळ ओला होता, गवताच्या पात्यापात्यावर थेंब होते. पण बसच्या कुशीपासून एक पट्टा कोरडा होता. हातभर रुंद, सरळ, धुक्यात गेलेला. मोठी केबल जमिनीवर टाकली की खालचं गवत असंच कोरडं राहतं.

तो पट्टा धरून चालत गेला. चौथरे डाव्या-उजव्या हाताला येऊन गेले. पट्टा तीन भिंतींच्या खोलीत शिरला आणि फळ्याखाली संपला.

फळ्यावर त्याचा सत्तावीस नंबर लटकत होता. त्याच्या शेजारी आणखी सहा बिल्ले होते.

पितळ झिजून गुळगुळीत झालं होतं, नंबर पुसट होते. एकाला भोक पाडून तार ओवली होती, जुने लोक ओवायचे तशी. लाइनमनने हात लावला नाही. तो नुसता उभा राहिला आणि त्याच्या ध्यानात आलं, की परवा दुपारपासून आपण अजून उतरलेलोच नाही. या फळ्याच्या हिशेबी आपण अजून वरच आहोत. आणि आपल्यामुळे बाकीचे थांबले आहेत.

आपला बिल्ला काढायला त्याचा हात वर गेला.

हात वरच राहिला. बिल्ला काढला तर ही माणसं घरी जातील. ती गेली की हिरवा दिवा जाईल. बॅटऱ्यांत उरलेली वीज पहाटेपर्यंत पुरली असती, सिलिंडर धरून फार तर सकाळपर्यंत, आणि मेकॅनिक उद्या दुपारी येणार होता. मुद्दाम बिल्ला लटकत ठेवून सोबत्यांना अडकवणारा माणूस त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. तसा कुणी असता तर त्याच्याबरोबर कुणी पाणीसुद्धा प्यायलं नसतं.

त्याने हात खाली घेतला.

"उद्या दुपारपर्यंत," तो फळ्याला म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "माझ्या माणसाच्या श्वासाचा प्रश्न आहे. उद्या दुपारी मी स्वतः उतरतो. तुमचे फार उपकार आहेत."

 धुक्यात कुठेतरी बुटांनी जागा बदलल्यासारखा आवाज झाला, लांब उभं राहून अवघडलेल्या माणसांनी करावा तसा.

बाईंपासून त्याने कधी काही लपवलं नव्हतं, हेही लपवलं नाही. त्या ऐकत राहिल्या. विश्वास बसला की नाही हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीचा होता.

"माझ्यासाठी माणसं थांबवून ठेवलीत?"

"हो."

"त्यांच्या घरी कुणी वाट बघत असेल, याचा विचार केलात?"

"केला. तरी ठेवली."

बाईंनी मशीनकडे पाहिलं. मग म्हणाल्या, की उद्या निघताना बिल्ला तुम्ही काढायचा, माझं काहीही होवो, तसं वचन द्या. त्याने वचन दिलं. मग त्यांनी विजेच्या किटलीत पाणी ठेवायला सांगितलं. किटली फार वीज खाते म्हणून त्याने दोन दिवस ती कपाटात कोंबली होती. तो घुटमळला, तेव्हा बाई म्हणाल्या, वीज त्यांचीच आहे, त्यांच्या चहाला तुम्ही कशाला हात आखडता घेताय. दारापर्यंत नळी ताणून त्या पायरीवर बसल्या आणि धुक्याकडे तोंड करून, वर्गात बोलतात तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "तुमच्यामुळे मी आज श्वास घेतेय. तुमचे आभार कसे मानू ते मला कळत नाही."

लाइनमनने सहा कप चहा जवळच्या चौथऱ्याच्या पायरीवर नेऊन ठेवला. तासाभराने गेला तेव्हा सहाही कप विसळून पालथे घातलेले होते, आणि मीटरवरचा आकडा भराभर चढू लागला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेकॅनिक ट्रॅक्टरवरून आला. बोलता बोलता त्याने पंप बदलला, आणि मीटरवर शंभर टक्के बघून या असल्या हवेत काका हे जमवलं कसं, असं विचारलं. लाइनमन म्हणाला, लोक चांगले भेटले. इंजिन सुरू झालं. मेकॅनिक गेला. आता बॅटऱ्या भरलेल्या होत्या, इंजिन चालत होतं, घर आठ तासांवर होतं. आता सबब उरली नव्हती.

तो खोलीत गेला, सत्तावीस नंबर खुंटीवरून काढला आणि शेवटी उतरणाऱ्याने द्यायची ती हाळी दिली.

"उतरलो!"

मग त्याने फळ्याकडे पाठ केली. आपापला बिल्ला माणसाने निवांत काढावा. मागे पितळेचा आवाज झाला. एक. दोन. त्याने मोजले. सहाव्यानंतर तो वळला. खुंट्या रिकाम्या होत्या. गवतावरचा कोरडा पट्टा त्याच्या डोळ्यांदेखत ओला होत गेला. लाइनमनला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. जे उपकार चाळीस वर्षांपूर्वी फेडायचे राहिले होते, ते फिटले नाहीतच, उलट दुप्पट झाले. पण निदान या वेळी आभार म्हणता आले.

बसकडे परतताना धुकं विरळ झालं होतं. चौथऱ्यांची रांग पार टोकापर्यंत दिसत होती. प्रत्येकाला तीन पायऱ्या, वर गवत. घरी जा म्हटलं, पण ही माणसं जाणार कुठे, असा एक विचार त्याच्या मनात आला. त्याने तो झटकला आणि गाडी काढली. घाटात बस जड वाटत होती. मागच्या स्प्रिंगचे पाटे दबल्यासारखे, भरल्या गाडीचे दबतात तसे. नवा पंप आहे, रुळायला वेळ लागेल, असं तो बाईंना म्हणाला. बाई मागे वळून पाहत होत्या. त्यांनी मान हलवली.

घरी येऊन आठ दिवस झाले. तो दुपारी औषधं आणायला गेला होता तेव्हा गल्लीच्या तोंडाशी धडाम आवाज झाला आणि खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला. सगळ्या गल्लीची वीज गेली. घरातल्या इन्व्हर्टरची थकलेली बॅटरी त्याने कालच काढून दिली होती, आज नवी यायची होती. सिलिंडर डब्यात होता, आणि डब्याची किल्ली त्याच्या खिशात.

घर पंधरा मिनिटांवर होतं. दहा मिनिटं, त्याच्या डोक्यात आकडा वाजत होता. चौसष्ट वर्षांचा माणूस गल्लीतून पळताना लोकांनी पाहिला.

दार उघडलं. मशीन बंद होतं. घुं घुं नव्हतं. पलंग रिकामा होता आणि नळी चादरीवर पडली होती.

"आलात?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

बाई ओट्याशी उभ्या होत्या. नळीच्या हद्दीच्या पलीकडे, दोन वर्षांनी पहिल्यांदा. त्या चहा गाळत होत्या. धाप नव्हती, खोकला नव्हता. नखं गुलाबी होती. ओट्यावर आठ कप होते.

"इतकं बरं वाटतंय आज," त्या म्हणाल्या. "कधीची उभी आहे मी, माहितीये?"

त्याने त्यांचा हात धरायला हात पुढे केला आणि बोटांच्या टोकांना ती ओळखीची, बारीक झिणझिणी जाणवली. तो थबकला. मग छत्तीस वर्षांच्या सवयीने त्याचा हात वरच्या खिशाकडे गेला. बाईंनी ते पाहिलं, हसल्या आणि मनगट पुढे केलं.

त्याने टेस्टर मनगटाला टेकवला.

टेस्टर लागला. पिवळसर, स्थिर.

लाइनमन दाराशी परत आला. तिथे किल्ल्या अडकवायची फळी होती, सात खिळ्यांची. सहा खिळ्यांवर सहा झिजलेले बिल्ले होते, आणि वारा नसताना ते हलत होते. वीज आली की निघायचं, अशा बेताने आवराआवर चाललेली असावी तसे. बाहेर कुणीतरी ओरडून सांगत होतं, की दुरुस्तीची माणसं आली, तासाभरात वीज येईल.

आतून बाईंच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. गुणगुणायला श्वास लागतो. दोन वर्षांत त्याने तो आवाज ऐकला नव्हता.

आधी तो बिल्ल्यांकडे बघून आभार म्हणाला. मनापासून म्हणाला.

मग त्याने खिशातून सत्तावीस नंबर काढला आणि सातव्या खिळ्यावर अडकवला.

बाकीचे सहाही बिल्ले हलायचे थांबले.